सायकलला इंजिन बसवणाऱ्याने नेमके काय करावे? वाहनांचे नियम लिहिणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
रस्त्यावरील वाहनांची व्याख्या, नोंदणी व तपासणी यांचे नियम ठरवणारे सर्व संबंधित अधिकारी

विषय : साध्या सायकलला बसवलेल्या छोट्या इंजिनाबाबतचे नियम स्पष्ट आणि पाळता येण्याजोगे करण्याबाबत

महोदय / महोदया,

स. न. वि. वि.

मी व्यवसायाने फिटर आहे आणि सायकलला छोटे इंजिन बसवण्याचा नाद मला बऱ्याच वर्षांपासून आहे. ज्यांनी हे वाहन जवळून पाहिलेले नाही त्यांच्यासाठी ते कसे असते हे आधी सांगतो. फ्रेमच्या मधल्या त्रिकोणात साधारण ४८ सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन दोन पकडींनी आवळतात आणि वरच्या दांडीवर पेट्रोलची लहानशी टाकी बसवतात. मागच्या चाकाच्या डाव्या बाजूला एक मोठे दातेरी चक्र रबराच्या चकत्यांमध्ये धरून थेट स्पोकनाच आवळले जाते आणि इंजिनाची चेन त्यावरून फिरते. उजवीकडची पॅडलची चेन जिथल्या तिथे राहते. क्लच दाबून पॅडल मारायचे, सायकलने जरा वेग घेतला की क्लच सोडायचा, इंजिन सुरू होते. हत्यारे हाताशी असली तर हे सारे काम एका दिवसाचे आहे. असे वाहन कायद्याच्या दृष्टीने काय ठरते हे शोधायला मात्र मला कितीतरी अधिक काळ लागला, आणि त्या शोधात जे दिसले ते आपल्यापुढे मांडावे म्हणून हे लिहीत आहे.

मला सूट नको आहे. या वाहनाला नियम असावेत, किंबहुना काही बाबतींत ते आजच्यापेक्षा कडक असावेत, असेच माझे मत आहे. माझी तक्रार अशी की बहुतेक ठिकाणचे नियम भलतीच गोष्ट मोजत बसतात, आणि जिथे ते योग्य गोष्ट मोजतात तिथे नियम पाळू इच्छिणाऱ्या एकट्यादुकट्या माणसाला आत यायला दारच ठेवलेले नसते.

हे वाहन कायद्याच्या ओळखीचे नाही असे म्हणायला जागा नाही. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या टंचाईच्या काळात ते अनेक देशांत जवळजवळ एकाच वेळी रस्त्यावर आले. सोइचिरो होंडा यांनी १९४६ मध्ये लष्कराच्या बिनतारी संचांसाठी बनवलेली आणि युद्धानंतर पडून राहिलेली छोटी इंजिने सायकलींना बसवून विकायला सुरुवात केली. त्याच सुमारास फ्रान्समध्ये पुढच्या टायरवर रूळ टेकवून चालणारी सोलेक्स आणि इटलीत ४८ सीसीचे कुचोलो इंजिन आले. जपानी कायद्यात लहान इंजिनाच्या दुचाकीला जे नाव आहे त्याचा शब्दशः अर्थ आजही 'यंत्र जोडलेली सायकल' असाच होतो. रस्ते वाहतुकीविषयीच्या १९४९ च्या जिनिव्हा कराराच्या पहिल्या परिशिष्टात असे म्हटले आहे की ५० सीसीपर्यंतचे सहायक इंजिन बसवलेली सायकल मोटार वाहन समजली जाणार नाही. अट एवढीच की रचनेच्या बाबतीत तिने सायकलीची सर्व नेहमीची वैशिष्ट्ये राखली पाहिजेत. पुढे १९६८ च्या व्हिएन्ना कराराने रेघ दुसरीकडे ओढली. त्या करारानुसार केवळ बसणाऱ्यांच्या अंगबळावर चालते तीच सायकल, आणि ५० सीसीपर्यंतचे इंजिन असलेले, ताशी ५० किलोमीटरपेक्षा अधिक वेगासाठी न बनवलेले दुचाकी किंवा तीनचाकी वाहन म्हणजे मोपेड. दोन्ही करार आजही अस्तित्वात आहेत आणि निरनिराळे देश निरनिराळ्या कराराला बांधलेले आहेत. त्यामुळे एकच वस्तू एका कागदावर सायकल आणि दुसऱ्या कागदावर मोपेड ठरू शकते. पहिल्या कागदातली 'सायकलीची नेहमीची वैशिष्ट्ये' ही अट मला अधिक समंजस वाटते, कारण तिने निदान वाहनाच्या अंगाकडे पाहिले होते. परंतु त्या अटीला पुढे कुणी मापे जोडल्याचे मला आढळले नाही.

आता सीसीविषयी. सिलिंडरमध्ये पिस्टन जेवढी जागा झाडून काढतो तेवढे त्याचे माप, आणि जगातल्या बऱ्याच कायद्यांनी लहान वाहनाची ओळख याच मापावर टांगून ठेवली आहे. भारताच्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम २, पोटकलम २८ याचे ठळक उदाहरण आहे. चारपेक्षा कमी चाके आणि २५ सीसीपर्यंतचे इंजिन असलेले वाहन त्या कलमाने 'मोटार वाहन' या व्याख्येतूनच बाहेर ठेवले आहे. व्याख्येतून बाहेर म्हणजे त्या कायद्यातील नोंदणी, चालकाचा परवाना, विमा यांपैकी काहीच त्याला लागू होत नाही. आणि इंजिन २५ च्या वर एका सीसीने जरी गेले तरी हे सगळे एकदम लागू होते. मधली पायरीच नाही. छंदिष्ट म्हणून मला ही सूट सोयीची आहे हे कबूल करतो, पण फिटर म्हणून ती मला पटत नाही. ज्या वाहनाला कायदा वाहनच मानत नाही त्याचे ब्रेक कसे आहेत हे विचारणाराही कुणी उरत नाही.

शिवाय सीसीवरून ताकद कळत नाही. तेवढ्याच जागेच्या सिलिंडरची पोर्टे (वायू आत-बाहेर जाण्याची भोके), कार्बोरेटर आणि सायलेन्सर बदलून फेरे वाढवले की ताकद कित्येक पटींनी बदलते. ५० सीसीच्या मोटारसायकलींची जागतिक अजिंक्यपद शर्यत १९६२ पासून १९८३ पर्यंत भरत असे आणि त्यातली यंत्रे ताशी १५० किलोमीटरच्या वर पळत. झुडपे कापण्याच्या यंत्रावरचे मवाळ इंजिन आणि शर्यतीसाठी कोरलेले इंजिन सीसीच्या रकान्यात शेजारी शेजारी बसू शकतात. ताकदीचे सोडा, इंजिनाला हातही न लावता वेग बदलता येतो. मागचे ४४ दात्यांचे चक्र काढून ३६ दात्यांचे लावले की इंजिनाच्या तेवढ्याच फेऱ्यांत सायकल २२ टक्के अधिक वेगाने जाते. हा बदल करायला अर्धा-पाऊण तास पुरतो आणि कोणत्याही कागदावर त्याची खूण राहत नाही.

सीसीचा आकडा तपासणेही सोपे नाही. बाजारात '८० सीसी' म्हणून विकले जाणारे एक इंजिन मी उघडले आणि बारीक मापे घेण्याचा व्हर्नियर लावला. सिलिंडरचा व्यास ४७ मिलिमीटर आणि पिस्टनचा प्रवास ३८ मिलिमीटर भरला. हिशेब केला तर जेमतेम ६६ सीसी होतात. या धंद्यात हे सर्वांना माहीत आहे आणि कुणालाच त्याचे काही वाटत नाही. रस्त्यावर वाहन अडवणाऱ्या पोलिसाने सिलिंडरचे झाकण (हेड) उघडून व्यास मोजावा अशी अपेक्षा कुणीच करणार नाही, म्हणजे प्रत्यक्षात त्याच्यापुढे इंजिनावर चिकटवलेला कागद हाच पुरावा राहतो.

याउलट युरोपीय संघाच्या २०१३ च्या १६८ क्रमांकाच्या नियमावलीने हे काम पुष्कळ नीट केले आहे. पॅडल मारण्यासाठीच बनवलेली, १००० वॉटपर्यंत सहायक ताकद असलेली आणि ताशी २५ किलोमीटरला ती ताकद बंद होणारी सायकल हा तिथे स्वतंत्र उपवर्ग आहे. त्याच्या वर ५० सीसी, ४ किलोवॉट आणि ताशी ४५ किलोमीटर अशा मर्यादा असलेला मोपेडचा वर्ग आहे. जर्मनीत हलक्या मोपेडचा म्हणून ३० सीसी, अर्धा किलोवॉट आणि ताशी २० किलोमीटर असा त्याहून खालचा वर्ग ठेवलेला आहे. या नियमांत सीसी राहिले असले तरी वेग आणि ताकद त्याच्या जोडीला उभी आहेत. अर्थात केवळ वॉटचा आकडा लिहूनही भागत नाही. ऑस्ट्रेलियात २०० वॉटपर्यंतची सहायक यंत्रणा असलेली सायकल ही सायकलच मानली जाई, पण बाजारात मिळणारी पेट्रोल इंजिने त्या मर्यादेच्या कितीतरी पुढची होती. शेवटी न्यू साउथ वेल्स राज्याने १ ऑक्टोबर २०१४ पासून पेट्रोल इंजिनाच्या सायकली रस्त्यावरून सरसकट बंद केल्या. विक्रीच्या वेळी कुणी ताकद मोजलीच नाही, तर नियमाचा शेवट असाच बंदीत होतो आणि त्यात काळजीपूर्वक काम करणाराही भरडला जातो.

माझा खरा आग्रह ब्रेक आणि जोडणी यांविषयी आहे, आणि तो अनुभवातून आलेला आहे. इंजिनाची चेन सैल पडू नये म्हणून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या नळीवर एक छोटी चाकी पट्टीने आवळलेली असते. एकदा सरळ, मोकळ्या रस्त्यावर, ताशी ३५ च्या आसपास वेगात, इंजिनाच्या थरथरीने त्या पट्टीचा नट सैल झाला, पट्टी नळीभोवती फिरली आणि चाकी थेट स्पोकमध्ये गेली. मागचे चाक जागच्या जागी अडकले. मी घसरत गेलो, कोपर सोलवटले, सात स्पोक तुटले. मागून काही येत नव्हते म्हणून तेवढ्यावर निभावले. घरी आल्यावर पट्टी नळीच्या गोलाईप्रमाणे कानशीने घासून बसवली, ती फिरू नये म्हणून दुसऱ्या नळीपर्यंत आडवा आधार दिला आणि साध्या नटांच्या जागी लॉक-नट लावले. नळीला भोक पाडून बोल्ट घालावा असा सल्ला अनेक जण देतात. तो धोक्याचा आहे, कारण पातळ नळीला नेमकी त्या भोकापाशी चीर जाते. हे सांगण्याचे कारण असे की सीसी, परवाना, वय यांविषयीच्या कलमांची जी पाने मी वाचली, त्यांतल्या एकाही ओळीने या चाकीबद्दल मला काही विचारले नसते. सायकलीवर इंजिन बसवणाऱ्यांच्या बोलण्यात मात्र पडझडीचे पहिले कारण म्हणून हीच चाकी येते.

ब्रेकचे गणितही असेच दुर्लक्षित आहे. वाहन थांबवताना ब्रेकला जी ऊर्जा जिरवावी लागते ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी १५ किलोमीटरने जाणारी सायकल ताशी ४० ने जाऊ लागली की ब्रेकच्या रबरांवरचे काम दुपटी-तिपटीने नव्हे, सातपटीने वाढते, आणि इंजिन व टाकीचे वजन वेगळेच. क्रोम चढवलेली लोखंडी रिम पावसात ओली झाली की रबर तिच्यावर आधी पाणी पुसत राहते आणि मग कुठे पकड घेते. सायकलींसाठी आयएसओ ४२१० हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात फ्रेम, चिमटा आणि ब्रेक यांच्या चाचण्या आहेत, पण त्या माणसाने पॅडल मारायच्या सायकलीसाठी आहेत. मिनिटाला हजारो फेऱ्या मारणारे इंजिन नळीला दिवसभर थरथरवत असेल तर तिचे काय होईल, हे त्या मानकाला विचारून उपयोग नाही. इंजिनाच्या पकडीलगत रंगाखाली केसाएवढी चीर मी दोन फ्रेमवर पाहिली आहे. दोन्ही वेळा सायकल पुसतानाच ती लक्षात आली.

आता कागदांविषयी. समजा एखाद्याने कायद्याचा मान राखायचे ठरवले, आपली सायकल मोपेडच्या व्याख्येत बसते हे मान्य केले आणि तो नोंदणीला गेला. त्याला वाहनाच्या प्रकाराची मान्यता आणि उत्पादकाचे प्रमाणपत्र मागितले जाते. प्रकाराची मान्यता ही हजारो वाहने बनवणाऱ्या कारखान्यासाठी योजलेली गोष्ट आहे. एका सायकलीसाठी ती मिळवणे म्हणजे शिवलेल्या एका सदऱ्यासाठी कापडगिरणीचा परवाना काढण्यासारखे आहे. वाहनात बदल करण्याविषयीची कलमे पाहावीत, तर ती आधीच नोंदलेल्या वाहनासाठी असतात, आणि सायकल कधी नोंदलेलीच नसते. नोंदणी नाही म्हणून विमा नाही, विमा नाही म्हणून रस्त्यावर आणणे गुन्हा. मी एका कार्यालयात हा प्रश्न घेऊन गेलो तेव्हा पहिल्या खिडकीवर ही सायकल असल्याने आमच्याकडे येत नाही असे सांगण्यात आले आणि दुसऱ्या खिडकीवर हे मोटार वाहन असल्याने असे आणताच येणार नाही असे. दोघांनीही आपापल्या जागी पुस्तकात बघूनच उत्तर दिले होते, त्यामुळे त्यांच्यावर माझा राग नाही.

हा गुंता सुटू शकतो याची उदाहरणे आहेत. ब्रिटनमध्ये सायकलीची सवलत केवळ विजेच्या मोटारीला आहे, तीही २५० वॉट व ताशी साडेपंधरा मैल या मर्यादेत आणि १४ वर्षांवरील चालकाला. पेट्रोल इंजिन लावले की ते मोटार वाहनच. उत्तर कडक आहे, पण एक आहे, आणि एकेकट्या दुचाकीची तपासणी करून मान्यता देण्याची पद्धत तिथे आहे. जर्मनीत मोपेडसाठी विमा कंपनीच एक छोटी पाटी देते. ती दरवर्षी १ मार्चला बदलते आणि तिचा रंगही दरवर्षी बदलतो. नेहमीच्या नोंदणीची सगळी यंत्रणा मध्ये न आणता, वाहनाचा विमा चालू आहे की नाही हे रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाला लांबूनच कळते. विम्याला मी इतके महत्त्व देतो कारण या वाहनाच्या धडकेत जायबंदी होणाऱ्या पादचाऱ्याला माझ्या छंदाशी काही देणेघेणे नसते. त्याच्या उपचाराचा खर्च माझ्या खिशावर अवलंबून राहावा, ही व्यवस्था त्याच्यावर अन्याय करणारी आहे.

विजेच्या सायकलीबाबत बहुतेक देशांनी आता रेघ स्पष्ट केली आहे. भारतातील नियमांत पाव किलोवॉटपेक्षा कमी ताकदीची आणि ताशी २५ किलोमीटरला किंवा पॅडल थांबताच मदत बंद करणारी सायकल मोटार वाहनात मोडत नाही. युरोपातही मर्यादा जवळपास हीच आहे. अमेरिकेच्या संघराज्याने २००२ मध्ये विजेच्या सायकलीसाठी ७५० वॉट व ताशी २० मैल ठरवले. युरोपीय संघाच्या न्यायालयाने १२ ऑक्टोबर २०२३ रोजी असा निर्णय दिला की जी केवळ यांत्रिक बळावर चालत नाही अशा विजेच्या सायकलीला मोटारीचा सक्तीचा विमा लागू होत नाही. त्यावरून मला सुचलेला साधा प्रश्न असा : माणसाने पाय थांबवले तर वाहन चालत राहते का? माझ्या सायकलीला हा प्रश्न विचारला तर उत्तर 'राहते' असे आहे, आणि म्हणून ती साध्या सायकलीच्या रांगेत उभी करू नये हे मलाही मान्य आहे. उद्या कुणी मला विचारले तर पेट्रोलऐवजी विजेचीच जोडणी करा असेच मी सांगेन. पेट्रोलमध्ये तेल मिसळून जाळणाऱ्या इंजिनाचा धूर आणि आवाज यांचे समर्थन करायला मी बसलेलो नाही. तरीही जी इंजिने आज सायकलींवर आहेत आणि उघडपणे विकली जात आहेत, त्यांच्याविषयी कायद्याने गप्प राहणे योग्य नाही. वेग मर्यादेत ठेवणे पेट्रोल इंजिनालाही अशक्य नाही. ठरावीक फेऱ्यांच्या पुढे ठिणगी तोडणारे इग्निशन मिळते आणि त्याला सील लावता येते.

विक्रेत्यांविषयी थोडेच लिहितो. खोक्याच्या कडेला बारीक अक्षरांत 'सार्वजनिक रस्त्यावर वापरासाठी नाही' असे छापायचे आणि दर्शनी बाजूला डांबरी रस्त्यावरून जाणाऱ्या स्वाराचे चित्र द्यायचे, हा प्रकार थांबवणे आपल्या हातात आहे. खरे सीसी, मोजलेली ताकद, सोबत दिलेल्या दातेरी चक्रावर येणारा कमाल वेग आणि त्यामुळे वाहन कोणत्या वर्गात जाते, एवढे त्याच खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापणे सक्तीचे करावे. ते चुकीचे निघाल्यास जबाबदारी विकणाऱ्याची असावी.

यावरून माझी विनंती अशी. इंजिन जोडलेल्या सायकलीला स्वतःचा वर्ग द्यावा आणि तो सीसीपेक्षा चाकाशी मिळणारी ताकद व प्रत्यक्ष मोजलेला वेग यांवर ठरवावा. माझ्या मते ताशी ३० किलोमीटर ही मर्यादा सायकलीच्या फ्रेमला आणि रिमला झेपण्यासारखी आहे. त्याहून वेगवान काही हवे असेल त्याने मोपेड घ्यावी. या वर्गासाठी एकट्या वाहनाची तपासणी असावी. त्यात दोन्ही चाकांना स्वतंत्र ब्रेक, वाहनाच्या स्वतःच्या कमाल वेगावरून ओल्या रिमने थांबण्याची चाचणी, चेनची चाकी आणि इंजिनाच्या पकडी यांची हाताने हलवून पाहणी, हँडलवर इंजिन बंद करण्याचे बटण, गरम सायलेन्सरवर आवरण आणि इग्निशनचे सील एवढे पाहिले तरी पुरे. अनुभवी तपासनिसाला याला अर्धा तास लागेल. इंजिन उतरवून पुन्हा बसवले किंवा दातेरी चक्र बदलले की तपासणी नव्याने व्हावी. तपासणीच्या कागदावर तृतीय पक्षाचा विमा मिळावा, आणि हेल्मेट व किमान वयाची अट तर असावीच. तपासणीचे शुल्क मात्र सायकलीच्या किमतीला शोभेल असे असावे, कारण ते इंजिनापेक्षा महाग झाले तर लोक ते भरणार नाहीत आणि मागच्या गल्लीने जात राहतील.

असा वर्ग नकोच, हे वाहन रस्त्यावर येताच कामा नये, असा आपला निर्णय झाला तर तो मी मानेन; परंतु तोही एका वाक्यात, व्याख्येसह लिहावा, म्हणजे दोन खिडक्यांवर दोन उत्तरे मिळणार नाहीत आणि खोके विकत घेण्यापूर्वीच माणसाला ते कळेल.

तपासणीचा नमुना ठरवताना प्रत्यक्ष वाहन समोर असावे असे वाटल्यास माझी सायकल आणायला मी तयार आहे. ती मी इंजिन बंद ठेवून, पॅडल मारतच आणीन. चेनची चाकी, पकडी आणि सोबत त्या दिवशी तुटलेले स्पोकही आणीन, ते मी टाकलेले नाहीत.

कळावे.

आपला विश्वासू,
सायकलला इंजिन जोडणारा एक फिटर